रेडिओत शिट्टी, खरखर आणि भलतंच स्टेशन: चोर नेमका कुठून शिरतो?

‘रेडिओ बिघडलाय, जरा बघतोस का’ म्हणून माझ्या टेबलावर आलेल्या कितीतरी संचांना मी स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा लावलेला नाही. तक्रार खोटी नसते. मालकाच्या घरी तो संच खरोखरच कोकलत असतो, आणि माझ्याकडे आला की गुणी बाळासारखा गातो. असं चार-सहा वेळा झाल्यावर मी संच मागवून घेणं सोडलं. आता खिशात मावेल असा ट्रान्झिस्टर आणि नवे सेल घेऊन मीच तक्रारीच्या जागी जातो. त्या फेऱ्यांतून तपासणीचा जो क्रम बसत गेला, तो खाली लिहिला आहे. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत, आणि बहुतेकांचं काम तिथेच होतं.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. नको असलेला आवाज तीन वाटांनी येतो. पहिली वाट: तो खरोखरच त्या फ्रिक्वेन्सीवर हवेत आहे. दुसरी: हवेत तो भलतीकडेच आहे, पण तुमचा संच फसतोय. तिसरी: तो एरियलमधून आलेलाच नाही, विजेच्या किंवा स्पीकरच्या वायरीतून मागच्या दाराने शिरलाय. तिन्हींचे इलाज वेगळे. पहिल्या रोगावर दुसऱ्याचं औषध दिलं तर पैसे जातात आणि शिट्टी तिथेच राहते. महागडा फिल्टर विकत घेऊन निराश झालेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचा चोर फिल्टरच्या वाटेने येतच नव्हता.

लक्षणं

– मीडियम वेव्हवर काटा कुठेही न्या, एकसारखी गुरगुर. जवळचं एखादं स्टेशन तेवढं तिच्यावर डोकं काढतं.
– तीच गुरगुर, पण सलग नाही; डायलवर ठरावीक अंतराने उंचवटे आल्यासारखी.
– स्टेशनमागे बारीक शिट्टी. ती फक्त रात्री असते की चोवीस तास, हे नीट पाहून ठेवा.
– एकच स्टेशन डायलवर दोन-तीन ठिकाणी.
– एफएमच्या गाण्यामागे वैमानिकाचं तुटक बोलणं.
– रिकाम्या जागी दोन स्टेशनांची सरमिसळ.
– आवाज शून्यावर आणला तरी स्पीकरमधून टर्र-टर्र-टर्र.
– वारा सुटला की करकर. पाऊस आला की बंद, किंवा नेमकं उलट.
– एसडीआर (संगणकाला जोडून सॉफ्टवेअरने चालवायचा रेडिओ) वापरणाऱ्यांच्या पडद्यावर असा सिग्नल, की तिथे कुणीच असायला नको.

सगळ्यात आधी: वही

तीन-चार दिवस फक्त नोंद करा. वेळ, फ्रिक्वेन्सी, आवाज कसा आहे, हवा कोरडी की दमट. कंटाळवाणं आहे, कबूल. पण रोज संध्याकाळी ठरल्या वेळी सुरू होणारी गुरगुर म्हणजे दिवा किंवा चार्जर. दर काही मिनिटांनी चालू-बंद होणारी म्हणजे थर्मोस्टॅटवर चालणारं काहीतरी. आणि सूर्यास्तानंतर हळूहळू चढणारी शिट्टी म्हणजे बहुधा दूरचं स्टेशन. एवढं वहीच सांगते.

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅबोरेटरीजमध्ये कार्ल जान्स्की हेच काम करत होते. समुद्रापलीकडच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते, हे त्यांना शोधायचं होतं. २०.५ मेगाहर्ट्झवरचा मोठा फिरता एरियल लावून ते नोंदी घेत होते. जवळच्या आणि लांबच्या वादळांची खरखर वेगळी काढल्यावर मागे एक मंद सुसकारा उरला. तो दिवसातून एकदा चढायचा. आधी वाटलं सूर्याचा असेल, पण नोंदी सांगत होत्या की तो रोज चार मिनिटं आधी चढतो. २३ तास ५६ मिनिटं, म्हणजे ताऱ्यांचा दिवस. तो आवाज धनू राशीच्या दिशेने, आकाशगंगेच्या मध्याकडून येत होता. १९३३मध्ये त्यांनी हे जाहीर केलं आणि रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात झाली. तुमच्या वहीतून आकाशगंगा निघणार नाही, चार्जर निघेल. पण चार मिनिटांचा फरक लक्षात यायला नोंदच लागते.

तपासणी १: सेलवर चालवून पाहा

संच प्लगमधून काढा, सेल घाला, त्याच जागी त्याच स्टेशनवर लावा. आवाज गेला, तर तो विजेच्या वाटेने येत होता, किंवा संचाचा अडॅप्टरच तो करत होता. दुसऱ्या अडॅप्टरने खात्री करता येते. जुन्या पद्धतीचे, आत ट्रान्सफॉर्मर असलेले वजनदार अडॅप्टर या बाबतीत साधेभोळे असतात; हलके, चपळ अडॅप्टर बहुतेक वेळा गुन्हेगार. अडॅप्टर बदलताना व्होल्ट आणि पिनेचं अधिक-उणे जुळतंय ना, हे मात्र पाहा.

आवाज तसाच राहिला, तरी हा प्रयोग वाया गेला नाही. आता संच वायरीपासून मोकळा झालाय आणि तुम्हाला तो हातात घेऊन फिरता येईल. पुढची दोन्ही कामं त्यावरच चालतात.

तपासणी २: घराचा मेन स्विच

सेलवरचा रेडिओ मीडियम वेव्हवर, स्टेशन नसलेल्या जागी लावा. गुरगुर स्वच्छ ऐकू येऊ द्या. संगणक नीट बंद करा, घरात कुणाचं श्वासाचं किंवा इतर वैद्यकीय यंत्र चालू नाही ना याची खात्री करा, आणि मग मेन बंद करा. इन्व्हर्टर आणि यूपीएससुद्धा त्यांच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, नाहीतर मेन गेल्याबरोबर तेच जागे होतील आणि त्यांची गुरगुर तुम्ही बाहेरची समजाल.

शांत झालं? मग चोर घरातला आहे. मेन चालू करून एकेक एमसीबी बंद करत जा; ज्याने आवाज जातो त्या खोलीत एकेक प्लग काढा. प्लग काढा म्हणतोय, रिमोटने बंद करा असं नाही. रिमोटने बंद केलेल्या टीव्हीचा पॉवर सप्लाय जागाच असतो.

हे मी इतक्या ठासून सांगतोय कारण मीच पोळलोय. माझ्याकडे एकदा संध्याकाळची गुरगुर सुरू झाली आणि मी तीन आठवडे बाहेरच्या विजेच्या खांबाकडे संशयाने बघत काढले. तक्रारीचा मसुदाही लिहून तयार होता. मेन बंद करायचा कंटाळा, कारण घड्याळं परत लावावी लागतात. शेवटी केला, आणि रेडिओ एकदम गप्प. खोली, मग भिंत, मग प्लग असं करत पोचलो ते आरशाशेजारच्या फळीपर्यंत: माझ्याच दाढीच्या ट्रिमरचा चार्जर. ट्रिमर जवळ नसतानाही तो प्लगमध्ये अडकवलेला असायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

असा इवलासा चार्जर एवढा गोंधळ का घालतो? आतला ट्रान्झिस्टर विजेचे बारीक तुकडे करत असतो, सेकंदाला हजारो वेळा. पुष्कळ चार्जर ६५ किलोहर्ट्झच्या आसपास चालतात. हा आकडा हवेतून आलेला नाही: वायरीतून बाहेर पडणाऱ्या गोंगाटावरच्या प्रचलित मर्यादा १५० किलोहर्ट्झपासून पुढे लागू होतात, आणि ६५ची दुप्पट १३० त्याच्या खाली राहते. पण तुकडे करताना कडा इतक्या तीक्ष्ण पडतात की ६५च्या पटीतल्या लहरी पुढे लांबपर्यंत जातात: ५८५, ६५०, ७१५, ७८०. लक्षणांत म्हटलेले ‘ठरावीक अंतराने उंचवटे’ ते हेच. दोन उंचवट्यांमधलं अंतर मोजा, तुम्हाला चार्जरची मूळ फ्रिक्वेन्सी मिळाली. चांगल्या चार्जरमध्ये हे अडवायला कॉइल आणि कंडेन्सर घातलेले असतात. स्वस्तातल्यात बोर्डावर त्यांची जागा आखलेली असते आणि तिथे नुसती वायर जोडून टाकलेली दिसते. एलईडी दिव्यांचंही हेच.

मेन बंद करूनही गुरगुर राहिली तर पुढे चला.

तपासणी ३: संच फिरवून दिशा काढा

मीडियम वेव्हच्या संचात आत फेराइटची कांडी असते, बहुधा संचाच्या लांब बाजूला समांतर. हाच त्याचा एरियल. कांडीची कूस स्टेशनकडे असेल तेव्हा सिग्नल सर्वांत जोरात. टोक स्टेशनकडे रोखलं की जवळजवळ नाहीसा. जोराची जागा पसरट असते, शांत जागा मात्र टोकदार. म्हणून दिशा काढताना नेहमी शांततेवर काढायची. संच आडवा धरून हळू फिरवा, आवाज पडला की थांबा. कांडी ज्या रेषेत आहे त्या रेषेवर कुठेतरी उगम आहे. पन्नास पावलं बाजूला जाऊन पुन्हा तेच करा. दोन रेषा जिथे कापतात तिकडे चालायला लागा.

घरातल्या वायरिंगवर पसरलेल्या गोंगाटाला मात्र अशी शांत दिशा मिळत नाही, कारण तो चहूकडून येत असतो. तेव्हा दिशाच सापडत नसेल, तर वायरिंग जवळ आहे असं समजा.

आणि संच असा फिरवून तुमचं हवं ते स्टेशन ठीक ऐकू येत असेल, तर तिथेच थांबा. संच तिरपा ठेवून रेडिओ ऐकण्यात काही कमीपणा नाही.

तपासणी ४: शिट्टीचा सूर बदलतो का?

माझी सगळ्यांत आवडती तपासणी. फुकट आहे आणि दहा सेकंदांत होते.

शिट्टी चालू असताना काटा केसभर मागे-पुढे करा. डिजिटल संच असेल तर एक-एक किलोहर्ट्झची बारीक पायरी वापरा. शिट्टीचा सूर तोच राहिला, नुसती ती लहान-मोठी झाली, तर शिट्टी उठवणारे दोन्ही सिग्नल खरोखर हवेत आहेत. सूर घसरला किंवा चढला, तर शिट्टी तुमच्या संचाच्या पोटात तयार होते आहे.

कारण समजून घ्यायला संच आत काय करतो ते पाहावं लागेल. १९१८मध्ये एडविन आर्मस्ट्राँग यांनी जी सुपरहेटरोडाइन रचना पेटंटसाठी मांडली, तीच आजही बहुतेक संचांचा पाया आहे. प्रत्येक फ्रिक्वेन्सीसाठी वेगळी चाळणी बनवण्यापेक्षा आलेलं स्टेशन एकाच ठरलेल्या, मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणायचं आणि तिथे एकच चांगली चाळणी लावायची. मीडियम वेव्हला ही मधली फ्रिक्वेन्सी बहुधा ४५५ किलोहर्ट्झ, एफएमला १०.७ मेगाहर्ट्झ. संच ५९४ किलोहर्ट्झवर लावला की आतला ऑसिलेटर (संचाची स्वतःची लहर बनवणारा भाग) ५९४ + ४५५, म्हणजे १०४९वर चालतो. दोन्हींची वजाबाकी ४५५, ती चाळणीतून पुढे जाते.

पण वजाबाकीला बाजू कळत नाही. १५०४ − १०४९ हेही ४५५च. म्हणजे ५९४वर लावलेल्या संचाला १५०४सुद्धा तितकंच आपलं वाटतं. या जुळ्या भावाला प्रतिमा फ्रिक्वेन्सी म्हणतात, आणि तो नेहमी मधल्या फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट अंतरावर असतो: इथे ९१० किलोहर्ट्झ. एरियलजवळचं पहिलं ट्यूनिंग त्याला दारातच अडवतं. ते ढिलं असेल किंवा १५०३वरचं स्टेशन फार जवळ असेल, तर तो आत येतो. १५०३ आत आल्यावर ४५४ होतो. हवं असलेलं ४५५वर, नको असलेलं ४५४वर, आणि दोघांच्या भांडणातून एक किलोहर्ट्झची शिट्टी.

आता काटा अर्धा किलोहर्ट्झ खाली घ्या. ऑसिलेटर १०४८.५वर आला, हवं ते ४५४.५, नको ते पण ४५४.५. शिट्टी खाली उतरत उतरत गडप. आणखी खाली घ्या, पुन्हा चढायला लागेल. एक वर जातं तेव्हा दुसरं खाली येतं, म्हणून सूर हलतो. दोन खरी स्टेशनं शेजारी असतील तर दोन्ही एकाच दिशेने सरकतात, अंतर कायम राहतं, सूरही कायम. कानाने एवढं निदान होतं.

सूर कायम असणारी शिट्टी बहुतेकदा रात्रीची असते. दिवसा आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, सर्वांत खालचा डी थर मीडियम वेव्ह शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि शेकडो किलोमीटर दूरची स्टेशनं वरून परावर्तित होऊन येतात. जगाच्या बहुतेक भागात मीडियम वेव्हची स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत, अमेरिका खंडांत १०च्या. शेजारचं दूरचं स्टेशन आत झिरपलं की ९ किलोहर्ट्झची बारीक, कानात टोचणारी शिट्टी ऐकू येते. संचात काही बिघाड नाही. अरुंद बँडविड्थचं बटण असेल तर दाबा, टोन खाली आणा, किंवा तपासणी ३प्रमाणे संच फिरवा.

९१० आणि १३६५च्या आसपासच्या शिट्ट्यांवर वेळ घालवू नका. ते ४५५चे दुप्पट-तिप्पट आहेत. संच स्वतःचाच आवाज ऐकत असतो. थोडीफार ही खोड बहुतेक साध्या संचांना असते.

एफएमवरच्या वैमानिकाचं गणितही आता सुटेल. १०.७ची दुप्पट २१.४. संच ९६.७वर असेल तर त्याची प्रतिमा ११८.१ मेगाहर्ट्झ, आणि ११८ ते १३७ हा विमानांच्या बोलण्याचा पट्टा आहे. विमान जवळून गेलं की आवाज येतो, दूर गेलं की जातो. हाच व्यवहार उलटही चालतो: ९८.३वर लावलेल्या एफएम संचाचा ऑसिलेटर १०९ मेगाहर्ट्झवर चालतो, आणि १०८ ते ११८ हा विमानांच्या दिशादर्शक यंत्रांचा पट्टा. विमानात एफएम रेडिओ लावू देत नसत, त्यामागे हे कारण होतं. डीएसपी चिप (सिग्नलवर आकडेमोड करणारी) असलेल्या नव्या संचांत मधली फ्रिक्वेन्सी खूप खाली असते आणि प्रतिमा आकडेमोडीने छाटली जाते, त्यामुळे वरची वजाबाकी त्यांना जशीच्या तशी लागू होत नाही. सुराची तपासणी मात्र तिथेही करून पाहावी.

तपासणी ५: सिग्नल कमी करा

सगळ्यांना एरियल वाढवावासा वाटतो. आधी कमी करून बघा. दांडी अर्धी मिटवा, किंवा ‘लोकल’ लिहिलेलं बटण असेल तर दाबा. हवं ते स्टेशन थोडं कमी झालं आणि भुतं मात्र साफ गेली, तर संच सिग्नलच्या ओझ्याखाली दबलेला होता.

दोन जोरदार स्टेशनं समजा ९४ आणि ९८ मेगाहर्ट्झवर आहेत. संचाचा पहिला टप्पा ती पेलू शकला नाही की तो दोघांचा आपसात गुणाकार करतो आणि ९० (दोनदा ९४, वजा ९८) आणि १०२ (दोनदा ९८, वजा ९४) या रिकाम्या जागांवर भुतं उभी राहतात. या भुतांचा स्वभाव असा, की मूळ सिग्नल १० डेसिबल कमी केले तर ती ३० डेसिबलने पडतात. खरं स्टेशन १०च कमी होतं. फरक इतका ठळक असतो की मीटर लागत नाही.

एसडीआरवाल्यांनी हा भाग दोनदा वाचावा. यूएसबीतल्या स्वस्त काडीत ८ बिटांचा कन्व्हर्टर असतो. लहान आणि मोठा सिग्नल एकाच वेळी पेलायची तिची ताकद ५० डेसिबलच्या आसपास. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) पूर्ण चढवून ठेवला की जवळचं एफएम स्टेशन तिला पार आंधळी करतं आणि पडदा रंगीबेरंगी भुतांनी भरतो. गेन उतरवत आणा. जिथे भुतं गळतात तिथे थांबा. दुसरी चाचणी: पडद्याच्या मध्यावर लावलेली फ्रिक्वेन्सी १०० किलोहर्ट्झ सरकवा. खरा सिग्नल आपल्या आकड्यावर ठाम राहतो. खोटा सोबत सरकतो, उलट्या बाजूला पळतो किंवा नाहीसा होतो. थेट सॅम्पलिंगवर चालणाऱ्या काडीत २८.८ मेगाहर्ट्झचं घड्याळ असतं, त्यामुळे १४.४च्या रेषेवर आरसा ठेवल्यासारखं होतं: १० मेगाहर्ट्झचं स्टेशन १८.८वरही दिसतं. ते शोध लावल्यासारखं लिहून ठेवू नका. मी लिहून ठेवलं होतं.

तपासणी ६: आवाज शून्यावर

व्हॉल्यूम पूर्ण खाली. तरीही टर्र-टर्र येतंय? मग तो आवाज ट्यूनरमधून येतच नाही, शेवटच्या अॅम्प्लिफायरमध्ये थेट घुसतोय. स्पीकरची लांब वायर एरियलचं काम करते आहे. टू-जी फोन सेकंदाला २१७ वेळा तुकड्यातुकड्यांनी प्रक्षेपण करतो, त्याची ही टरटर. फोन वाजायच्या क्षणभर आधी ती येते ती त्यामुळेच. फोन एक हात लांब ठेवा. स्टेशन बदलून, एरियल हलवून काही होणार नाही.

तपासणी ७: एरियल आणि जोड

इथपासून हात मळवायचे आहेत. बाहेरच्या एरियलचा प्रत्येक जोड हलवून बघा, कान रेडिओकडे ठेवून. करकर झाली की जोड सापडला. गंजलेला जोड नुसता सिग्नल खात नाही. दोन धातूंमधला गंजाचा पापुद्रा डायोडसारखा वागतो आणि जोरदार स्टेशनांची भुतं बाहेरच तयार करतो. संच कितीही चांगला आणा, ती येणारच, कारण ती आता खरोखर हवेत आहेत. गटाराचा पत्रा, तारेचं कुंपण, जुनी साखळी, यांतलं काहीही हे करू शकतं. पावसाने गंज भिजला की वागणूक बदलते. वहीतली हवामानाची नोंद इथे कामी येते.

कोएक्सियल केबलच्या टोकाची काळी टेप सोलून आतली जाळी बघा. ती हिरवट-काळी झाली असेल तर पाणी शिरलंय. केबल सुकवून उपयोग नाही, बदला.

तपासणी ८: फेराइट कडं

चोर सापडला पण त्याला घराबाहेर काढता येत नाही (राउटर, उदाहरणार्थ), तेव्हा त्याच्या वायरीवर फेराइट. लोक एक चिमटा-मणी अडकवतात, फरक पडत नाही, आणि फेराइट म्हणजे थोतांड असं ठरवतात. तो मणी बहुधा ३० मेगाहर्ट्झच्या वरच्या कामासाठी असतो. मीडियम वेव्हला कड्यातून वायरीचे वेढे घ्यावे लागतात, आणि अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो: तीन वेढ्यांचा एकाच्या नऊपट, दहाचा जवळपास शंभरपट. कड्याची जातही पाहा. ३१ नंबरचं मिश्रण शॉर्टवेव्हला चांगलं, ७५ मीडियम वेव्हला, ४३ साधारण २५ मेगाहर्ट्झच्या वर.

वेढे घेताना जाणारी आणि येणारी वायर दोन्ही सोबत घ्या. एकटीच घेतली तर तिच्यातल्या प्रवाहानेच फेराइट तृप्त होऊन निकामी होतं. कडं गुन्हेगार यंत्राच्या अगदी जवळ बसवा. लांब बसवलं तर मधली वायर एरियल बनून आपलं काम करत राहते. वायर कापायची, सोलायची काही गरज नाही. ती करावी लागतेय असं वाटलं तर तुम्ही काहीतरी चुकताय.

तपासणी ९: फिल्टर, आणि तो कधी घेऊ नये

तपासणी ५ने ओझं सिद्ध झालं असेल तरच फिल्टर. एसडीआरला एफएम पट्टा अडवणारा फिल्टर बहुतेकांना लाभतो. एकच जवळचं मीडियम वेव्ह स्टेशन छळत असेल तर जुनी युक्ती चालते: एक कॉइल आणि एक बदलता कंडेन्सर समांतर जोडून एरियलच्या वाटेत घालायचे आणि त्या स्टेशनवर लावायचे. तेवढं स्टेशन अडकतं, बाकी जातात.

पण चोर आणि हवं ते स्टेशन एकाच फ्रिक्वेन्सीवर असतील तर कुठलाही फिल्टर उपयोगाचा नाही. चाळणीने खडा निघतो, दुधात मिसळलेलं पाणी निघत नाही. तिथे दिशेचाच इलाज: लूप एरियल, किंवा आहे तो एरियल घरापासून जितका लांब नेता येईल तितका.

इथे थांबा

पुढची कामं तंत्रज्ञाची किंवा संबंधित यंत्रणेची आहेत, आणि यात मी घासाघीस करत नाही.

विजेवर चालणारा संच उघडणं. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या जुन्या संचांत सांगाड्यालाच थेट वीज असू शकते, आणि प्लग काढल्यावरही मोठे कंडेन्सर भरलेले राहतात.

आयएफटीचे (मधल्या फ्रिक्वेन्सीच्या ट्रान्सफॉर्मरचे) आणि इतर कॉइलींचे गाभे फिरवणं. प्रतिमा अडवणारं ट्यूनिंग ढिलं झालंय हे तपासणी ४ने कळलं तरी ते जुळवायला सिग्नल जनरेटर आणि प्लॅस्टिकची पट्टी लागते. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरने तो ठिसूळ गाभा तडकतो. माझा तडकलाय, त्या संचाला दुसऱ्या मोडक्या संचाचा डबा बसवावा लागला.

विजेची लाइन. ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यात तिची गुणगुण १०० हर्ट्झची असते, आणि ती मीडियम वेव्हपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे पसरते. ढिल्या जोडातली ठिणगी कोरड्या हवेत बोलते आणि पावसात गप्प होते. मळलेला इन्सुलेटर दमट हवेत तडतडतो. दिशा काढा, खांबाचा नंबर लिहून घ्या, वीज कंपनीला कळवा. खांबावर काठी-हातोडा मारून बघू नका. तारेजवळचा किंवा उंच डोलकाठीवरचा एरियलही स्वतः हलवू नका, आणि ढग गडगडत असतील तर बाहेरच्या एरियलच्या केबलला हातसुद्धा लावू नका.

सौर पॅनेलची डीसी बाजू. तिथे काहीशे व्होल्ट असू शकतात आणि डीसीची ठिणगी सहज विझत नाही. ज्याने बसवलं त्यालाच बोलवा.

आणि आपत्कालीन सेवेच्या किंवा विमानाच्या पट्ट्यात मुद्दाम कुणी गोंधळ घालतंय असं वाटलं, तर वेळ-फ्रिक्वेन्सीची नोंद आपल्या देशाच्या स्पेक्ट्रम नियामकाकडे द्या. उलट प्रक्षेपण करून त्याला दटावायला जाऊ नका. मग गुन्हेगार तुम्ही ठरता.

तंत्रज्ञाकडे जाताना संचासोबत वहीतलं एक पान न्या. माझ्याकडे आलेलं सर्वांत चांगलं पान चार ओळींचं होतं: ‘संध्याकाळी ७ नंतर. ५८५, ६५०, ७१५वर गुरगुर. सेलवरही येते. मेन बंद केल्यावरही येते, पण जिन्याच्या भिंतीला संच टेकवला की दुप्पट.’ संच आणलाच नव्हता. मी एवढंच विचारलं, की भिंतीपलीकडच्या जिन्यात नवा दिवा कधी बसला.